घेरी टाळणाऱ्या सवयी: अंथरुणातून उठण्यापासून माटोळी बांधण्यापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा: आई ६४ वर्षांच्या, राहायला फोंड्याजवळ. बीपीची आणि मधुमेहाची गोळी चालू आहे. सकाळी अंथरुणातून उठताना, देवळात नमस्कार करून उभे राहताना आणि कधी वरच्या फळीवरचा डबा काढताना घेरी येते. रक्त, ईसीजी वगैरे तपासण्यांत गंभीर काही निघाले नाही. घेरी वरचेवर येऊ नये म्हणून रोजच्या कोणत्या सवयी लावाव्यात?

सवयी सांगण्याआधी आईंना नेमके काय होते ते विचारून घ्या. आपण चक्कर म्हणतो, भोवळ म्हणतो, घरात ‘तकली घुंवता’ म्हणतो, पण या एका नावाखाली तीन वेगळ्या तक्रारी असतात. डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडणार असे वाटत असेल, तर बहुधा मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते. खोली, पंखा, भिंत गरगर फिरताना दिसत असेल, तर बहुतेक वेळा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा दोष असतो. आणि डोके साफ असून पायच डगमगत असतील, तर पायांच्या नसा, नजर, सांधे आणि स्नायू बघावे लागतात. प्रत्येकाची सवय वेगळी, म्हणून सगळ्यांना एकच सल्ला चालत नाही.

एक साधा प्रश्न बराच उलगडा करतो: निजल्या निजल्या कूस बदलताना घेरी येते का? येत असेल तर दोष बीपीवर टाकता येत नाही, कारण आडवे असताना रक्त पायांत उतरत नाही. ती कानाची घेरी. उलट, आडवे असताना काही नाही आणि उभे राहिल्यावर पाच-दहा सेकंदांत अंधारी येते, तर रक्तदाबाची. तुमच्या वर्णनावरून आईंना दोन्ही थोडे थोडे असावे: उठतानाची घेरी दाबाची, वर बघतानाची कानाची. साठीनंतर अशी जोडी दुर्मीळ नाही.

आधी दाबाचे. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरते. मानेतल्या धमनीजवळचे संवेदक ते ओळखतात, नसांना निरोप जातो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थोडे भरभर चालते, आणि आपल्याला काही कळतही नाही. वय, बीपीच्या गोळ्या, शरीरातले कमी पाणी आणि जुना मधुमेह या चारही गोष्टींनी हा निरोप उशिरा पोचतो किंवा त्याचा उपयोग कमी होतो. मधुमेह रक्तवाहिन्यांना सूचना देणाऱ्या बारीक नसाच बिघडवतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के. आपल्याकडे उठताना अंधारी येणारी माणसे घरोघर का भेटतात, त्याचे निम्मे उत्तर इथे आहे.

आता उठण्याची पद्धत. जाग आली की पाठीवर पडल्या पडल्याच दोन्ही पावले घोट्यात वीस वेळा वर-खाली करायची, पोटऱ्या आवळल्या जातील इतक्या जोराने. मग दहा वेळा मुठी घट्ट वळून सोडायच्या. कुशीवर वळायचे, पाय खाटेखाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन बसायचे. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले हवेत. खाट उंच असेल तर पायाखाली पाट ठेवा, कारण लोंबकळत्या पायांत रक्त साचते. असे निदान एक मिनिट बसायचे. रात्रीच उशाशी झाकून ठेवलेल्या तांब्यातले पाणी याच वेळी प्यायचे. मग खाटेची कड धरून उभे राहायचे, तीस आकडे मोजायचे आणि नंतरच पाऊल टाकायचे.

बहुतेकांचे हे चुकते ते शेवटच्या टप्प्यावर. मिनिटभर नीट बसतात, उभे राहतात आणि लगेच वाकून खाटेखालची चप्पल शोधतात. वाकून पुन्हा सरळ होणे म्हणजे दुसऱ्यांदा उठणेच, आणि यावेळी आधार नसतो. चपला रात्रीच अशा ठेवा की पाय खाली सोडले की त्यात जातील. दुसरी चूक फोनची. घंटी वाजली की माणूस सगळे विसरून ताडकन उठतो. फोन उशाशी ठेवा.

उशाशी ठेवलेल्या पाण्याला महत्त्व आहे. चारशे ते पाचशे मिलिलिटर साधे पाणी तीन-चार मिनिटांत प्यायले, तर ज्यांचा दाब उभे राहिल्यावर पडतो त्यांचा दाब थोड्याच वेळात वर येतो आणि तासभर टिकतो. अर्धा कप चहाने हे होत नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर मात्र त्या मापातच राहायचे.

देवळातल्या नमस्कारालाही हाच नियम. लोटांगण घातल्यावर थेट उभे राहायचे नाही. आधी गुडघ्यांवर या, तिथे दोन-तीन श्वास घ्या, एक पाय पुढे रोवा, खांब किंवा कुणाचा तरी हात धरून उठा. आरतीच्या वेळी तासभर एका जागी उभे राहणे त्याहून वाईट. चालताना पोटऱ्या पंपासारखे रक्त वर ढकलतात. गुडघे ताठ करून उभे राहिले की तो पंप बंद. म्हणून उभ्या उभ्या टाचा उचलत राहा, भार या पायावरून त्या पायावर घ्या. अंधारी यायला लागलीच, तर पायावर पाय टाकून मांड्या, कुल्हे आणि पोट एकदम घट्ट आवळा, अर्धा मिनिट धरून ठेवा. तेवढ्याने खाली बसण्यापुरता वेळ मिळतो. मग खरोखरच खाली बसा, जिथे असाल तिथे. चार पावलांवरच्या खुर्चीपर्यंत जाऊ म्हणणारीच माणसे पडतात.

घरी बीपीचे यंत्र असेल तर संशय दहा मिनिटांत मिटतो. पाच मिनिटे आडवे पडून दाब मोजा. उभे राहा, एका मिनिटाने मोजा, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उभे राहिल्यावर दाब पडतो असे धरायचे. उभ्याने मोजताना हात खाली लोंबकळू देऊ नका. पट्टा छातीच्या पातळीवर राहील असा टेबलावर किंवा दुसऱ्याच्या हातावर ठेवा. हात लोंबकळला की आकडा खोटाच वाढीव येतो आणि घसरण लपते. सकाळी नाश्त्याआधी एकदा, जेवणानंतर तासाभराने एकदा, असे तीन दिवस लिहून ठेवा. नुसत्या बसून घेतलेल्या दाबावर गोळी वाढवली जाते आणि घेरी वाढते, असे होऊ नये म्हणून हा कागद डॉक्टरांपुढे ठेवायचा.

पाण्याचा हिशेब गोव्यात निराळा करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा तेहतीस-चौतीसच्या आसपासच असतो, त्यामुळे ‘फार ऊन नाही’ असे वाटते. पण हवेतच इतकी ओल असते की घाम सुकत नाही, नुसता गळतो. सुकत नाही म्हणजे अंग थंड होत नाही आणि शरीर आणखी घाम काढते. पाणी आणि मीठ दोन्ही जातात. मे महिन्यात नळे परतवणारे, चिरे वाहणारे, काजूच्या बागेत सकाळपासून वाकून बोंडू वेचणारे यांना दुपारी अंधारी येते ती अशी. बागेत खिळा मारलेल्या काठीने बोंडू टोचून उचलतात. पाठीइतकीच ती डोक्यासाठीही चांगली, कारण शंभर वेळा वाकून शंभर वेळा वर येणे वाचते. उन्हात काम करणाऱ्याने तहानेची वाट न बघता दर वीस मिनिटांनी पेलाभर, म्हणजे दोनशे मिलिलिटर पाणी प्यावे. घरात बसून असलेल्या आईंना दिवसाला दोन-सव्वादोन लिटर पुरे. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची असली की मोजदाद करत बसायची गरज नाही.

आपल्या जुन्या लोकांनी दहा-अकरा वाजताची पेज ठेवली होती, ती विनाकारण नव्हे. उकड्या तांदळाची पातळ पेज, वर चिमूटभर मीठ, सोबत खारातले आंब्याचे तोर, म्हणजे कोवळ्या कैऱ्या: पाणी, मीठ आणि हळूहळू पचणारे पीठ एकाच वाडग्यात, तेही ऊन चढायच्या बरोबर आधी. आता त्या वेळेला चहा-बिस्किट आले आहे. आईंना बीपी आहे, म्हणून तोर आणि सुक्या मासळीचे मीठ बेताने. पेज मात्र खुशाल. मधुमेहामुळे वाडगा लहान घ्या, पातळ असली तरी ती साखर वाढवते, आणि सोबत थोडे चणे किंवा अळसांदे (चवळीसारखे कडधान्य) द्या. सोलकढी चालेल, कोकमाच्या बाटलीतल्या सरबतात साखरच फार.

जुलाब-उलट्या झाल्या किंवा भरपूर घाम गेला, तर ओआरएस. एक लिटरचे पाकीट एक लिटरमध्येच. अख्खे पाकीट एका पेल्यात ढवळून पाजणे ही नेहमीची चूक आहे. तसले घट्ट पाणी आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. आणि हो, घेरी आली की ‘बीपी लो झाले’ म्हणून मिठाचे पाणी पाजण्याची घाई नको. आधी दाब मोजा. दाब १८० असलेल्या माणसालाही घेरी येते.

जेवणानंतरची घेरी वेगळी ओळखावी. शीत-कढीचे भरपेट जेवण झाले की रक्त आतड्यांकडे वळते आणि पुढच्या दोन तासांत दाब उतरू शकतो. भात अर्धा करा, जेवण दोनाऐवजी तीन-चार वेळांत वाटा, जेवणाआधी पेलाभर पाणी प्या. आपली दुपारची वामकुक्षी इथे कामाला येते, कारण दाब उतरण्याच्या वेळात माणूस आडवा असतो. मात्र चार वाजता चहाच्या वासाने धडपडत उठलात तर कमावलेले गेले. सकाळचीच उठण्याची पद्धत दुपारीही.

उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या दिवसांत पुरुषमंडळींसाठी दोन शब्द. दारू रक्तवाहिन्या सैल करते आणि लघवी वाढवते, त्यामुळे दाब पडतो, हे ठाऊक असते. ठाऊक नसते ते कानाचे. कानाच्या अर्धवर्तुळी नळ्यांतला संवेदक पडदा दारू आधी शोषतो आणि भोवतालच्या द्रवापेक्षा हलका होतो. म्हणून आडवे पडल्यावर खाट फिरते. काही तासांनी ती उतरताना उलटा फरक पडतो आणि सकाळी पुन्हा फिरल्यासारखे होते. मध्यरात्री उठून अंधारात उभ्याने लघवी करताना बेशुद्ध पडलेला माणूस बहुधा पिऊन झोपलेला असतो, किंवा प्रोस्टेटची गोळी घेणारा असतो, किंवा दोन्ही. रात्रीची लघवी बसून करावी, यात पुरुषार्थाला काही धक्का बसत नाही.

तिथून गोळ्यांकडे येतो. घेरीची सगळ्यात सहज सापडणारी कारणे औषधांच्या डब्यात असतात: लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन किंवा प्राझोसिन, छातीत दुखण्यासाठीच्या नायट्रेट, झोपेच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या, खोकल्या-सर्दीची गुंगी आणणारी औषधे. नवी गोळी चालू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर पहिले दोन आठवडे उठण्या-बसण्यात जास्त सांभाळायचे. स्वतःहून कुठलीही बंद करायची नाही. पण कोणती गोळी किती वाजता, हे डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यायला हरकत नाही. दोन-तीन बीपीच्या गोळ्या एकदम घेण्याऐवजी वेळा विभागल्या, एवढ्यानेही काहींची घेरी जाते.

उपासाचे तसेच. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत किंवा तयेच्या (हरतालिकेच्या) दिवशी पाण्याविना राहायचे आणि सकाळी ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी नेहमीप्रमाणे घ्यायची, हे धोक्याचे गणित आहे. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, घेरी. मग तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची, अजून कमीच असेल तर तेवढीच परत. उपासाच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून गोळी बदलून घ्यावी. मधुमेही माणसाने निर्जळी करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. देव समजून घेतो.

आता कानाची घेरी. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे एका चिकट थरावर बसलेले असतात. वयाने किंवा डोक्याला मार लागल्याने काही सुटतात आणि अर्धवर्तुळी नळीत घरंगळतात. मग डोके एका ठरावीक दिशेला कलले की खडे सरकतात आणि सारे फिरू लागते. मिनिटाच्या आत थांबते, मळमळ मागे राहते. कूस बदलणे, वरच्या फळीकडे बघणे, वाकून केर काढणे, ही नेहमीची निमित्ते. यावर खरा उपाय गोळी नाही. डोके क्रमाने वळवून खडे मूळ जागी नेण्याची एप्ले पद्धत आहे आणि ती बहुतेकांना एक-दोन वेळांत आराम देते.

दोष उजव्या कानाचा असेल तर ती अशी: खाटेवर पाय लांब करून बसा, मान उजवीकडे अर्धी, म्हणजे ४५ अंश वळवा. खांद्यांखाली उशी येईल असे पटकन मागे पडा, डोके उशीपलीकडे किंचित खाली. घेरी थांबेपर्यंत, निदान तीस सेकंद थांबा. डोके न उचलता ९० अंश फिरवा, म्हणजे ते मध्यापासून डावीकडे तितकेच वळलेले राहील, तीस सेकंद. आता अख्खे अंग डाव्या कुशीवर घ्या, नाक जमिनीकडे, तीस सेकंद. मग हळूच पाय खाली सोडून उठून बसा. पण दोष कोणत्या कानाचा हे आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासून घ्या आणि पहिली खेप त्यांच्याच समोर करा. चुकीच्या बाजूला केले तर उपयोग नाही. मान किंवा पाठीचा जुना विकार असेल तर घरी करूच नका. हा त्रास परत परत होत असेल तर ड जीवनसत्त्व तपासा. ते कमी असलेल्यांत तो जास्त उलटतो.

चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची तयारी ही अशा माणसांची परीक्षाच. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची चौकट, बांधताना तास-दीड तास मान मागे टाकून हात वर. कानात सुटे खडे असतील तर स्टुलावर उभ्या माणसाला याहून वाईट ठिकाण नाही. आईंनी खालून नारळ, सुपारीचे घोस, कांगल्या निवडून द्यावे, बांधायचे काम तरुणांचे. बांधणाऱ्यानेही इतके उंच उभे राहावे की चौकट नजरेसमोर येईल. फुगडीही अशांनी बघायची. घरातली रोज लागणारी भांडी कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर आणा, म्हणजे डब्याचा प्रश्नच उरणार नाही.

चक्कर थांबवणाऱ्या गोळ्यांविषयी. व्हर्टिन किंवा स्टेमेटिल महिनोन्महिने चालू असलेली माणसे पुष्कळ दिसतात. स्टेमेटिल, सिनारिझिन यांसारख्या गुंगीच्या गोळ्या तीव्र घेरी-उलटीत दोन-तीन दिवस ठीक. जास्त घेतल्या तर बिघडलेल्या कानाशी जुळवून घेण्याचे मेंदूचे काम त्याच रोखतात, आणि म्हातारपणी हातपाय कापणे, चाल मंदावणे असा त्रास देतात. ‘मानेच्या मणक्यामुळे चक्कर’ हे निदानही आपल्याकडे फार स्वस्त झाले आहे. साठीनंतरच्या एक्स-रेत मणके झिजलेले दिसणारच. घेरीचे कारण बहुतेक वेळा भलतेच असते, आणि मानेचा पट्टा लावून बसलेला माणूस डोके हलवायला घाबरून आणखी अस्थिर होतो. पित्ताचेही तेच. कानाच्या घेरीने उलटी होते, उलटीत पित्त पडते, आणि दोष पित्ताला मिळतो.

डोके हलवण्याची भीती घालवायला एक व्यायाम पुरेसा. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा, नजर नखावर, डोके नाही नाही म्हटल्यासारखे डावी-उजवीकडे, नख स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगाने. एक मिनिट, दिवसातून तीनदा, आधी बसून, आठवड्याने उभ्याने. थोडी घेरी येणे अपेक्षित आहे. तिच्यामुळेच मेंदू शिकतो. त्याशिवाय रोज वीस मिनिटे चालणे, पावसाळ्यात सोप्यावर किंवा बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) फेऱ्या मारल्या तरी चालतात.

न्हाणीघरात फार कढत पाणी नको, बसायला स्टूल हवे, कडी आतून न लावता दार नुसते लोटून घ्यावे. रात्री खाटेपासून संडासापर्यंत बारीक दिवा. चोर्ला घाटात गाडी लागत असेल तर पुढची सीट, नजर लांबच्या रस्त्यावर, फोन खिशात. फेरीबोटीत नजर पलीकडच्या काठावर.

या कशाचीच वाट न बघता १०८ ला फोन करायचा तो असा प्रसंग: एकाएकी घेरी आली आणि सोबत बोलणे जड झाले, एक वस्तू दोन दिसू लागली, तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, कधी नव्हे असे डोके दुखले, किंवा आधार देऊनही उभे राहता येईना. छातीत दुखणे, धडधड होऊन शुद्ध जाणे, काळी शी होणे, हेही त्यातच. पक्षाघातात गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून शेवटचे बरे कधी होते ती वेळ घड्याळात बघून कागदावर लिहा आणि कागद रुग्णाबरोबर पाठवा. गाडी येईपर्यंत कुशीवर निजवा, तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका. घेरीसोबत एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर रुग्णवाहिका नको, पण त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. ते उपचार आठवडाभर लांबले की ऐकू परत येण्याची शक्यता घटते.